घड्याळाच्या काट्याला लटकलेला तो चष्मेवाला एकेकाळी चॅप्लिनची कॉपी करायचा

हा फोटो तुम्ही पाहिलेला असणारच. ब्लॅक अँड व्हाईट. उंच बिल्डिंगच्या भिंतीवर एक भलंमोठं घड्याळ, त्याच्या काट्याला लटकलेला सुटाबुटातला, गोल चष्म्याचा एक माणूस आणि खाली रस्त्यावर खेळण्यातल्या वाटाव्यात अशा गाड्या. सोमवारची सकाळ, डेडलाईन, महिनाअखेर, कशावरही मीम बनवायचं असलं की हा फोटो कामाला येतो. जॅकी चॅनने ‘प्रोजेक्ट ए’मध्ये घड्याळाला लटकून खाली पडण्याचा जो स्टंट केला, तो याच सीनला केलेला सलाम होता. मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘ह्यूगो’मध्ये ती दोन पोरं थिएटरात चोरून घुसून जो सिनेमा बघतात, तोही हाच.

पण या माणसाचं नाव काय असं विचारलं, तर बरेच जण सांगतात चार्ली चॅप्लिन.

नाही. त्याचं नाव हॅरॉल्ड लॉईड. आणि त्याला चॅप्लिन म्हणणं ही त्याच्याबाबतीत जरा जास्तच लागणारी गोष्ट आहे. कारण या गड्याने सुरुवातीची दोनेक वर्षं खरोखरच चॅप्लिनची कॉपी केली होती, त्यातून पैसा आणि नावही मिळवलं होतं, आणि मग एक दिवस हे सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती.

आता त्याची गोष्ट सुरुवातीपासून बघू.

हॅरॉल्डचा जन्म २० एप्रिल १८९३ चा. गाव बर्चर्ड, अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातलं एक खेडं. वडील जेम्स लॉईड, पण सगळे त्यांना फॉक्सी म्हणायचे. माणूस गप्पिष्ट, उत्साही, डोक्यात सतत नवी कल्पना. फक्त त्यातली एकही कल्पना टिकायची नाही. एक धंदा सुरू करायचा, तो बुडाला की बिऱ्हाड गुंडाळायचं आणि पुढचं गाव गाठायचं. त्यामुळे हॅरॉल्डची शाळा कधी नेब्रास्कात तर कधी कोलोरॅडोत. दर वेळी नवा वर्ग, नवी पोरं, आणि दर वेळी नव्याने ओळख करून घ्यायची.

घरात पैसा नाही म्हटल्यावर पोरगा लहानपणापासूनच कामाला लागला. पेपर टाकले, मक्याच्या लाह्या विकल्या, पडेल ते काम केलं. पण हातात चार पैसे आले की त्याचे पाय थिएटरकडे वळायचे. जादूचे प्रयोग करून दाखवायचा त्याला भारी नाद. शाळेच्या नाटकात काम मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर पडदे ओढायचे, सामान हलवायचं, प्रेक्षकांना खुर्च्या दाखवायच्या. नाटकाच्या जवळपास राहायला मिळालं म्हणजे झालं.

ओमाहा शहरातला एक किस्सा त्याने पुढे स्वतःच्या आत्मचरित्रात सांगितला आहे. रस्त्यावर एक ज्योतिषी मोठमोठे तक्ते लावून ग्रहताऱ्यांचं गणित समजावत उभा होता. भोवती गर्दी. तेवढ्यात आगीचे बंब घंटा वाजवत गेले. झालं, सगळी गर्दी बंबामागे पळाली. एक पोरगा तेवढा हलला नाही. तो तक्ते बघत तिथेच उभा राहिला. गर्दीतल्या एका माणसाला या पोराचं आश्चर्य वाटलं आणि तो त्याच्याशी बोलायला लागला.

तो माणूस होता जॉन लेन ओ’कॉनर. शहरातल्या नाटक कंपनीतला नट. त्या काळी अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत अशी एक मुक्कामी कंपनी असायची. नटांचा संच ठरलेला, नाटक मात्र दर आठवड्याला नवं. ओ’कॉनर राहण्यासाठी खोली शोधत होता आणि लॉईडांच्या घरी भाडेकरू ठेवायचे. योग जुळला, आणि एक खराखुरा नट हॅरॉल्डच्या घरातच राहायला आला.

मग काय, पोराला घरबसल्या शाळाच मिळाली. थॉमस हार्डीच्या ‘टेस’ या कादंबरीवरच्या नाटकात त्याला टेसच्या धाकट्या भावाचं काम मिळालं. मेकअप कसा लावायचा, स्टेजवर उभं कसं राहायचं, समोरचा बोलत असताना आपण काय करायचं, हे सगळं तो ओ’कॉनरकडून शिकत गेला. यातली मेकअपची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

हॅरॉल्ड पंधरा-सोळा वर्षांचा झाला आणि घर मोडलं. १९१० च्या सुमारास आईवडिलांचा घटस्फोट झाला. हॅरॉल्ड वडिलांसोबत राहिला. त्यातच फॉक्सींना एका गाडीने धडक दिली. जखमी झाले, पण नुकसानभरपाई म्हणून काही हजार डॉलर हातात पडले. या कुटुंबाने एकरकमी एवढा पैसा कधी बघितलाच नव्हता.

आता या पैशाचं करायचं काय आणि जायचं कुठे? बापलेकांनी यावर चर्चा केली नाही. त्यांनी नाणं उडवलं. एका बाजूला पूर्वेकडचं न्यूयॉर्क, म्हणजे नाटकाची पंढरी. दुसऱ्या बाजूला पार पश्चिमेला कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो, कारण ओ’कॉनर आता तिथे होता आणि अभिनयाची शाळा चालवत होता.

नाणं सॅन डिएगोच्या बाजूने पडलं.

नाणं उलटं पडलं असतं तर हॅरॉल्ड लॉईड कदाचित न्यूयॉर्कमधल्या शेकडो बेकार नटांपैकी एक झाला असता. त्याच सुमारास सिनेमावाले चांगल्या उन्हाच्या शोधात कॅलिफोर्नियाकडे निघाले होते, आणि या बापलेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

सॅन डिएगोत फॉक्सींनी बिलियर्ड्सचा अड्डा आणि सोबत खाण्याचा गाळा टाकला. तो नेहमीप्रमाणे बसला. हॅरॉल्ड मात्र रमला. दिवसा हायस्कूल, शाळेच्या नाटकांत मुख्य भूमिका, उरलेल्या वेळात ओ’कॉनरच्या शाळेत मदतनीस. इतर मुलांना तलवारबाजी, नाच, हावभाव शिकवण्यापर्यंत त्याची मजल गेली. मुष्टियुद्धही खेळून बघितलं. डोक्यात एकच गोष्ट पक्की होती, आपण गंभीर नट होणार. शेक्सपिअर वगैरे करणार. लोकांना हसवणं हा त्याच्या योजनेतला भागच नव्हता.

आणि तेव्हा एडिसनची सिनेमा कंपनी त्या भागात शूटिंगला आली. त्यांना गर्दीतली माणसं हवी होती. स्थानिक नाटकवाल्यांकडे विचारणा झाली आणि हॅरॉल्डला पहिलं काम मिळालं. अंगावर जेमतेम कपडे, सगळं शरीर रंगवलेलं, याकी जमातीच्या आदिवासी माणसाची भूमिका. काम काय, तर थाळी घेऊन यायचं आणि जायचं. मोबदला ३ डॉलर. हा सिनेमा होता १९१३ चा ‘द ओल्ड मंक्स टेल’.

त्या काळचे नाटकवाले सिनेमाला फार हलकं समजायचे. ज्याला नाटकात काम नाही तो सिनेमात जातो, असा समज. हॅरॉल्डचंही मत काही वेगळं नव्हतं. पण नाटकाचं काम मिळेना, बापाचा धंदा बुडालेला आणि खिसा रिकामा. शेवटी तो लॉस एंजेलिसला गेला आणि युनिव्हर्सलच्या स्टुडिओच्या दारात उभा राहिला.

दारावरचा माणूस काही त्याला आत सोडेना. दिवसामागून दिवस तेच. मग हॅरॉल्डने नीट निरीक्षण केलं. जेवणाच्या सुट्टीत आतले एक्स्ट्रा कलाकार मेकअपसकट बाहेर येतात, समोर खातात आणि घोळक्याने परत आत जातात. त्यांना कोणी अडवत नाही. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या मेकअपचा डबा घेऊनच आला. जवळपास कुठेतरी तोंड रंगवलं आणि त्या घोळक्यात मिसळून सरळ आत गेला. ओमाहात शिकलेली विद्या इथे अशी उपयोगी पडली.

आत त्याची ओळख झाली हाल रोच नावाच्या दुसऱ्या एक्स्ट्राशी. रोच हा अलास्कात सोनं शोधून, खेचरांच्या गाड्या हाकून इथवर आलेला धडपड्या माणूस. अभिनयात त्याला फारसं काही जमत नव्हतं, पण धंद्याचं डोकं होतं. १९१४ मध्ये रोचच्या हातात थोडा पैसा आला आणि त्याने स्वतःची कंपनी काढायचं ठरवलं. आपल्याला हिरो कोण मिळणार, तर हा हॅरॉल्ड.

सुरुवातीचं प्रकरण फार काही ग्रेट नव्हतं. पहिले काही सिनेमे कुणी विकत घेतले नाहीत. त्यात एका सहकलाकाराला आपल्यापेक्षा जास्त पैसे मिळतात हे कळल्यावर हॅरॉल्ड चिडून निघून गेला. काही दिवस मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीत, म्हणजे जिथून चॅप्लिन नावारूपाला आला होता तिथे, किरकोळ कामं केली. इकडे रोचचा ‘जस्ट नट्स’ हा सिनेमा पाथे या मोठ्या वितरक कंपनीला आवडला. पाथेला हवा होता त्यातला नट. रोचने पगार वाढवून हॅरॉल्डला परत बोलावलं.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. १९१५ मध्ये चॅप्लिन म्हणजे नुसता स्टार नव्हता, ती लाट होती. त्याच्या बाहुल्या विकल्या जात होत्या, गावोगावी चॅप्लिनसारखं चालण्याच्या स्पर्धा होत होत्या. थिएटरवाल्यांना चॅप्लिन हवा होता, तो नसेल तर चॅप्लिनसारखा कुणीतरी. त्यामुळे विनोदी सिनेमा काढणाऱ्या प्रत्येक छोट्या कंपनीकडे स्वतःचा एक डुप्लिकेट चॅप्लिन असायचा.

हॅरॉल्डने आपल्यापरीने जरा डोकं लावलं. चॅप्लिनचे कपडे ढगळ, तर आपले तंग. त्याची पँट पायात लोळते, तर आपली घोट्याच्या वर. मिशी एकसंध नको, ओठावर दोन ठिपके तेवढे. वडिलांनी कुठल्याशा दुकानातून एक लांबलचक अरुंद बुटांची जोडी शोधून आणली. या अवताराचं नाव ठेवलं लोन्सम ल्यूक.

म्हणजे कॉपीच, पण उलटी घातलेली. आणि ती चालली!

१९१५ ते १९१७ या काळात ल्यूकचे साठहून जास्त छोटे सिनेमे निघाले. ते कसे बनायचे तेही मजेशीर आहे. कंपनीचं बस्तान होतं लॉस एंजेलिसमधल्या टेकडीवरच्या एका जुन्या बंगल्यात. तिथे इतका वारा शिरायचा की कलाकारांनी त्याचं नाव न्यूमोनिया हॉल ठेवलं होतं. लिहिलेली स्क्रिप्ट वगैरे काही नाही. सकाळी कॅमेरा घेऊन बागेत जायचं, एखादं बाकडं, एखादा पोलीस आणि एखादी मुलगी जमवायची आणि काहीतरी घडवून आणायचं. शेवट ठरलेला, पाठलाग आणि बदडाबदडी. सोबतीला बीबी डॅनियल्स ही चौदा-पंधरा वर्षांची नायिका आणि लोंबत्या मिशांचा ऑस्ट्रेलियन नट स्नब पोलार्ड.

हे सिनेमे साधारण एक रिळाचे. एक रीळ म्हणजे हजारेक फूट फिल्म, पडद्यावर दहा ते पंधरा मिनिटं. आज आपण मोबाईलवर जे रील बघतो त्याचं नाव याच रिळावरून आलं आहे. कामाची तऱ्हाही फार वेगळी नव्हती. दर आठवड्याला नवा माल हवा, ट्रेंड चालू आहे तोवर तोच पळवायचा, आणि थांबलास की लोक विसरले.

पैसा येत होता. पाथे खूश, रोच खूश. सिनेमे एक रिळावरून दोन रिळांवर गेले होते, म्हणजे बढतीच. पण हॅरॉल्डला आतून हे खात होतं. गंभीर नट व्हायला निघालेला पोरगा दुसऱ्याच्या मिशा लावून आणि ढुंगणावर लाथा खाऊन पोट भरत होता.

एकदा तो आपलाच सिनेमा बघायला थिएटरात जाऊन बसला. ल्यूक पडद्यावर आला तसं शेजारच्या एका लहान पोराने आपल्या दोस्ताला सांगितलं की चॅप्लिनची नक्कल करणारा तो माणूस आला. पोराच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याने आपली ओळख पटवून दिली एवढंच. हॅरॉल्डला मात्र ते फार लागलं. साठ सिनेमे करून आपली ओळख काय, तर दुसऱ्यासारखं करणारा.

त्याने ठरवलं, ल्यूक बंद.

पण मग त्याच्या जागी काय? उत्तर सापडलं एका भलत्याच सिनेमात. त्यात एक चष्मेवाला पाद्री होता. दिसायला अगदी गरीब, शांत. पण वेळ आली तेव्हा त्याने गुंडांना लोळवलं आणि काम झाल्यावर पुन्हा तो तसाच शांत. हॅरॉल्डच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चष्मा बघितला की लोक गृहीत धरतात, हा माणूस भिडस्त, पुस्तकी, याच्याकडून काही व्हायचं नाही. मग तोच माणूस काही अचाट करून बसला तर? विनोद तिथूनच सुरू होतो, त्यासाठी जोकरसारखं तोंड रंगवायची गरजच नाही.

पुढे हाल रोचनेही सांगितलं की चष्म्याची कल्पना आपली. श्रेयाचं भांडण त्या दोघांचं, आपण त्यात पडायला नको. पण त्यासाठी ल्यूकचा चालता गल्ला सोडायचा हट्ट हॅरॉल्डचा होता, हे मात्र नक्की.

कारण पाथेला हे अजिबात पटण्यासारखं नव्हतं. चालू दुकान बंद करून नवं का उघडायचं? हॅरॉल्डने काम सोडायची धमकी दिली. शेवटी तडजोड झाली. आणि इथे हॅरॉल्डने जे मागितलं ते ऐकून लोकांना तो वेडा वाटला असणार. त्याला दोन रिळांचे सिनेमे नको होते. त्याला पुन्हा एक रिळावर जायचं होतं. म्हणजे स्वतःहून पायरी उतरायची.

त्याचं गणित साधं होतं. दोन रिळांचा सिनेमा महिन्यातून एखादा येणार. तो पडला तर लोकांच्या मनात महिनाभर तेच राहणार. एक रिळाचा दर आठवड्याला येतो. एक पडला तरी पुढच्या आठवड्यात दुसरा समोर. आणि नवीन चेहरा लोकांच्या ओळखीचा व्हायचा असेल तर तो सारखा दिसला पाहिजे. आजचा कुठलाही कंटेंट क्रिएटर हेच सांगेल.

आता चष्मा. पहिल्या दोन जोड्या जमल्या नाहीत. तिसरी लॉस एंजेलिसच्या स्प्रिंग स्ट्रीटवरच्या एका छोट्या दुकानात सापडली. शिंगाच्या फ्रेमची, किंमत ७५ सेंट. फ्रेम अशी हवी होती की भुवया झाकल्या जाऊ नयेत, कारण बोलपट नव्हते आणि नटाची अर्धी भाषा भुवयांत असायची. काचा काढून टाकल्या, नाहीतर दिव्याचा उजेड त्यावर चमकून डोळेच दिसले नसते. त्या एका फ्रेमवर त्याने दीडेक वर्ष काढलं. मोडली की चिकटवायची आणि पुन्हा घालायची. शेवटी अगदीच संपली तेव्हा त्याने ती नमुना म्हणून एका मोठ्या चष्मा कंपनीकडे पाठवून २० फ्रेमची ऑर्डर दिली. कंपनीने फ्रेम पाठवल्या आणि सोबत त्याचा चेकही परत केला. त्याच्या सिनेमांमुळे अमेरिकेत तरुण पोरं असे चष्मे घालायला लागली होती, कंपनीची फुकटात जाहिरात झाली होती.

सप्टेंबर १९१७ मध्ये ‘ओव्हर द फेन्स’ आला. बेसबॉलवरची एक रिळाची कॉमेडी. हॅरॉल्ड पहिल्यांदा स्वतःच्या चेहऱ्याने लोकांसमोर आला. मिशी नाही, पांढरं तोंड नाही, अंगाला बसणारा साधा सूट, डोक्यावर गवती टोपी आणि तो चष्मा. हा माणूस तुमच्या ऑफिसात बसणारा असू शकतो, शेजारच्या घरात राहणारा असू शकतो. चॅप्लिनचा भटक्या जगाच्या बाहेर उभा राहून जगाकडे बघतो. हॅरॉल्डच्या पोराला त्या जगात आत जायचं होतं. नोकरी हवी होती, बढती हवी होती, पोरीच्या बापासमोर ताठ मानेने उभं राहायचं होतं. १९२० च्या दशकाच्या तोंडावर शहरात आलेल्या लाखो तरुणांना हेच तर हवं होतं.

शिवाय अशा मुलाचं प्रेम लोकांना खरं वाटतं. ल्यूकवर कुठली मुलगी भाळेल?

ल्यूकचे शेवटचे सिनेमे त्या वर्षअखेरपर्यंत येत राहिले आणि मग संपले. चष्मेवाल्याने मात्र वेग पकडला. दर आठवड्याला एक, मग जरा सावकाश. बहुतेक पहिल्या सिनेमांत मारामारी आणि पाठलाग तोच जुना होता, माणूस तेवढा नवा. हळूहळू गोष्टही बदलत गेली. हॅरॉल्डने एक सवय लावून घेतली. सिनेमा तयार झाला की एखाद्या थिएटरात न सांगता लावायचा आणि मागे बसून लोक कुठे हसतात, कुठे गप्प बसतात ते बघायचं. मग जाऊन पुन्हा कापाकापी, गरज पडली तर पुन्हा शूटिंग.

१९१९ साल उजाडलं तेव्हा सगळं जमून आलं होतं. पाथेशी दोन रिळांच्या सिनेमांचा नवा करार झाला. बीबी डॅनियल्स सेसिल बी. डिमिलकडे मोठ्या सिनेमांत गेली आणि तिच्या जागी मिल्ड्रेड डेव्हिस आली. नव्या करारातले सिनेमे तयार होऊन प्रदर्शनाची वाट बघत होते.

२४ ऑगस्ट १९१९. रविवार. जाहिरातीचे फोटो काढायला हॅरॉल्ड लॉस एंजेलिसमधल्या एका फोटो स्टुडिओत गेला. पोझ अशी होती की विनोदी सिनेमात असतो तसा काळा गोल बॉम्ब हातात आहे, त्याची वात पेटलेली आहे आणि साहेब निवांतपणे त्या वातीवर सिगारेट पेटवताहेत. बॉम्ब अर्थातच खोटा. निदान सगळ्यांना तसंच वाटत होतं.

वातीचा धूर चेहऱ्यावर यायला लागला. फोटो बिघडेल म्हणून हॅरॉल्डने हात जरा खाली घेतला. तेवढ्यात स्फोट झाला.

तो हात खाली आला नसता तर ही गोष्ट इथेच संपली असती. तरीही जे झालं ते भयंकर होतं. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट गेलं. चेहरा भाजला. डोळ्यांसमोर अंधार. दृष्टी परत येईल की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. वय २६. चेहऱ्यावर जगणारा माणूस. स्वतःचा चेहरा लोकांना दाखवायला लागून उणीपुरी दोन वर्षं झाली होती.

कित्येक दिवस डोळ्यांवर पट्ट्या बांधून तो पडून होता. आणि त्याच काळात, नोव्हेंबरमध्ये, त्याचा पहिला दोन रिळांचा चष्मेवाला सिनेमा ‘बंपिंग इन्टू ब्रॉडवे’ प्रदर्शित झाला आणि जोरात चालला.

हळूहळू दृष्टी आली. चेहऱ्यावरच्या जखमा भरल्या. हात मात्र तसाच राहणार होता. सॅम्युएल गोल्डविन हा निर्माता सिनेमात येण्याआधी हातमोज्यांच्या धंद्यात होता. त्याच्या माध्यमातून एक खास मोजा बनवून घेण्यात आला. कातडीच्या रंगाचा, आत नकली अंगठा आणि बोट. हॅरॉल्ड तो घालून सेटवर परतला आणि अपघातामुळे अर्धवट राहिलेला ‘हॉन्टेड स्पूक्स’ पूर्ण केला. प्रेक्षकांपुढे त्याने आपल्या हाताचं कधी भांडवल केलं नाही. अपंग माणूस पडद्यावर धडपडतोय हे कळलं तर लोक हसणार नाहीत, त्यांना कीव येईल, हे त्याला पक्कं माहीत होतं.

आणि आता यातला कमाल भाग. सगळे थरारक स्टंट प्रामुख्याने याच्यानंतरचे आहेत.

१९२० च्या ‘हाय अँड डिझी’मध्ये तो झोपेत चालणाऱ्या मुलीच्या मागे बिल्डिंगच्या कठड्यावर जातो. १९२१ च्या ‘नेव्हर वीकन’मध्ये बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या लोखंडी गर्डरवर लटकतो. तीन रिळांचा ‘नेव्हर वीकन’ हा त्याचा शेवटचा छोटा सिनेमा ठरला. त्यानंतरचा ‘अ सेलर-मेड मॅन’ही छोटाच करायचा होता, पण तो बनता बनता चार रिळांचा झाला. लोकांना आवडतोय म्हटल्यावर कापला नाही. तिथून हॅरॉल्ड मोठ्या सिनेमात गेला तो गेलाच. १९२१ ते १९२८ या काळात त्याने ११ मोठे मूकपट केले.

त्यातलाच १९२३ चा ‘सेफ्टी लास्ट’, ज्यात ते घड्याळ आहे. हॅरॉल्डने लॉस एंजेलिसमध्ये बिल स्ट्रॉदर नावाच्या माणसाला हातापायांच्या जोरावर एका उंच इमारतीवर चढताना पाहिलं होतं. बघवेना म्हणून तो पुढे निघून गेला आणि राहवेना म्हणून पुन्हा वळून बघत राहिला. प्रेक्षकांनाही नेमकं असंच व्हायला हवं, हे त्याला तिथेच सुचलं. स्ट्रॉदरला सिनेमात घेतलं. घड्याळाची भिंत खऱ्या इमारतींच्या गच्चीवर उभी केली आणि कॅमेरा असा लावला की मागे खरा रस्ता दिसावा. खाली गाद्या टाकलेला एक माचा होता. त्याला कठडा नव्हता. एकदा त्यावर पुतळा टाकून बघितला तर तो उसळून थेट रस्त्यावर गेला म्हणतात.

लांबून दिसणाऱ्या काही शॉटमध्ये दुसरी माणसं होती. हार्वी पॅरी नावाच्या स्टंटमनने हॅरॉल्ड गेल्यानंतरच हे उघड केलं. पण जवळून दिसणारा, काट्याला लटकलेला माणूस हॅरॉल्डच आहे. तो फोटो पुन्हा बघा. सगळा भार ज्या दोन हातांवर आहे, त्यातल्या उजव्या हाताचा अंगठा आणि एक बोट खोटं आहे.

बाकीचं आयुष्य थोडक्यात. १९२३ मध्ये मिल्ड्रेडशी लग्न. त्याच वर्षी रोचपासून वेगळा झाला, तोही न भांडता. बेव्हर्ली हिल्सवर ४४ खोल्यांचा बंगला बांधला, नाव ग्रीनएकर्स. बोलपट आले, मंदी आली. नोकरी-बढतीच्या मागे हसतमुखाने धावणारा तो पोरगा बेकारीच्या रांगेत उभ्या असलेल्या लोकांना तितकासा आपला वाटेना. हॅरॉल्डने सिनेमे कमी केले आणि पुढे बंदच केले. १९५३ मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळाला. सुपरमॅन तयार करणाऱ्या सिगल आणि शुस्टर या जोडीने क्लार्क केंटचा चष्मा आणि बावळटपणा काही अंशी हॅरॉल्डवरून घेतला होता.

मग एवढा मोठा माणूस लोकांच्या लक्षात का राहिला नाही? त्याचं एक कारण तो स्वतःच. आपल्या बहुतेक सिनेमांचे हक्क त्याने स्वतःकडे ठेवले होते. टीव्हीवाले मागायला आले की तो जबर किंमत सांगायचा. मध्येमध्ये जाहिराती घुसवून, कसंही कापून आपला सिनेमा दाखवलेला त्याला चालणार नव्हतं. चॅप्लिन आणि कीटन नव्या पिढीला पुन्हा पुन्हा दिसत राहिले, हॅरॉल्ड तिजोरीत राहिला. बाहेर राहिला तो फोटो.

आणि लोन्सम ल्यूक?

ग्रीनएकर्समध्ये सिनेमांच्या रिळांसाठी एक वेगळी खोली होती. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे जवळपास स्फोटकच. १९४३ मध्ये त्या खोलीला आग लागली. सुरुवातीचे कित्येक सिनेमे जळाले. चष्म्यातले काही गेले, आणि ल्यूकचे तर बहुतेक सगळेच. आज त्याच्या साठहून जास्त सिनेमांपैकी मोजकेच शिल्लक आहेत, तेही इतरांकडे प्रती राहिल्या म्हणून.

हॅरॉल्ड त्यानंतर आणखी अठ्ठावीस वर्षं जगला. ८ मार्च १९७१ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्याच बंगल्यात तो गेला. शूटिंग नसताना तो कधी चष्मा घालायचा नाही. त्यामुळे जगातल्या सर्वात जास्त कमावणाऱ्या नटांपैकी एक असतानाही तो रस्त्यातून आरामात फिरायचा आणि कुणी त्याला ओळखायचं नाही.